मांडव उतरवला

शाहूपुरीकर
मंगळवार, दुपारी ३.१०

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी मी परसातला वेलांचा मांडव उतरवायला घेतला. खरं तर दिवाळीच्या आधीच उतरवायला हवा होता, पानांवर भुरी चढली होती, लांबून बघितलं तर कुणीतरी पिठाची चाळण झटकल्यासारखं दिसायचं, पण पोरं येणार होती, नातवाला स्वतःच्या हाताने दोडका तोडायचा होता आणि तोडण्यासारखे दोनच उरलेले, म्हणून ठेवला तसाच. त्याने एक तोडला, दुसरा म्हणाला आजी तुला. मग सगळी आपापल्या गाड्यांनी पुण्याला.

ज्यांनी कधी मांडव काढला नाही त्यांना वाटतं वेल ओढला की सुटतो. सुटत नाही. ताणे तारेला स्प्रिंगसारखे वळसे घालून बसलेले असतात आणि वाळले की तारेपेक्षा कडक होतात, ओढलं तर तार वाकते पण ताणा हलत नाही. मी जुनी कात्री घेऊन एकेक कापत होते, तीन दुपारी गेल्या त्यात. हे म्हणाले तारेसकट टाकून दे, नवी आणू. नवी तार म्हणे. चौथ्या दिवशी उरलेले ताणे तसेच ठेवून तारेची गुंडाळी केली आणि मोरीमागे टांगली.

आता मुद्द्याचं. दरवर्षी मांडव उतरला की त्याच आठवड्यात मी मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा टाकते. बावीस वर्षं एकही हिवाळा चुकला नाही. यंदा टाकलं नाही. कारण काहीच नाही, गुडघे तसे बरे आहेत, पाणी आहे, बी पण आणून ठेवलंय. वाफे उकरले, दगड वेचले, आणि तिथेच थांबले. त्यानंतर रोज दुपारी मागच्या पायरीवर उन्हात बसते. समोर रिकामी जमीन, डाव्या हाताला अजिंक्यताऱ्याचा थोडा कडा दिसतो शेजारच्यांच्या टाकीच्या बाजूने. कधी लसूण सोलते, कधी नुसतीच. आणि खरं सांगू का, इतकं बरं वाटतंय की मलाच संशय यायला लागलाय.

शेजारची विचारते, काय हो काकू, यंदा मेथी नाही? तिला काय सांगू कळत नाही म्हणून म्हटलं बी मिळालं नाही. खोटं बोलले चक्क. नणंदेचा फोन आला, तिला खरं सांगितलं तर ती म्हणाली, वहिनी, बी-१२ तपासून घ्या.

तुमच्यापैकी कुणाला असं होतं का? म्हणजे काम संपल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटणं.

---

गच्चीवरची_बाग
मंगळवार, दुपारी ४.०२

काकू मी पण मूळची साताऱ्याची, करंजेची, आता पुण्यात चौथ्या मजल्यावर. गच्चीवर बावीस कुंड्या आहेत (मोजल्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आकडा विचारला होता). तुमचं वाचून एकदम डोळ्यासमोर आलं. माझ्या काकडीचा वेल ऑक्टोबरच्या उन्हातच गेला आणि मला अगदी सुटल्यासारखं झालं, पण मी ते कुणाला सांगितलं नाही, स्टेटसला रडका इमोजी टाकला.

एक विचारायचं होतं, बी कसं धरता तुम्ही? माझं दोन वर्षं कुजलं.

---

चहाबाज
मंगळवार, दुपारी ४.१५

नणंदबाईंचं बरोबर आहे. या देशात माणूस दोन तास शांत बसला की एक तर त्याला बी-१२ कमी असतं नाहीतर त्याचं कुणाशी तरी भांडण झालेलं असतं. तिसरं कारण अजून वैद्यकशास्त्राला सापडलेलं नाही.

---

शाहूपुरीकर
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

@चहाबाज, तपासलं हो. नॉर्मल आलं. नणंदेला रिपोर्ट पाठवला तर म्हणाली मग डी असेल. पायरीवर उन्हात बसणाऱ्या बाईला डी!

@गच्चीवरची_बाग, बियाला ठेवायचा दोडका पहिल्या बहरातला निवडायचा, शेवटचा किडका उरलेला नाही. लोक तिथेच चुकतात, चांगले चांगले खातात आणि उरलंसुरलं बियाला ठेवतात. त्याला सुतळीची खूण बांधायची म्हणजे कुणी तोडत नाही (तरी तोडतात). वेलावरच पूर्ण वाळू द्यायचा, साल तपकिरी, हलवला की आतून खुळखुळ्यासारखा आवाज. पाऊस लांबला तर काढून वळचणीला उलटा टांगायचा, ओला राहिला की कुजणारच. घोसाळ्याचं तर फारच मजेशीर असतं, त्याच्या टोकाला एक छोटं झाकण असतं, पूर्ण वाळलं की ते आपोआप पडतं. मग खाली ताट धरायचं आणि घोसाळं हलवायचं. काळं काळं चपटं बी ताटात पडताना आवाज येतो, पत्र्यावर पहिला पाऊस पडल्यासारखा. आतली जाळी अंघोळीला. बाजारात त्याच जाळीला आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून किती रुपये लावतात बघितलंत का, मी बघितलं आणि परत ठेवलं.

---

निवृत्त_कंडक्टर
मंगळवार, रात्री ९.४८

ताई नमस्कार. एसटीत एकतीस वर्षे काढली, सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर सगळे मार्ग. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मला पहाटे चारला जाग यायची आणि मी उठून खुर्चीवर बसून राहायचो, ड्युटी नाही हे डोक्याला कळायचं पण पायांना कळायचं नाही. मिसेस म्हणायच्या झोपा हो. मग हळूहळू त्या चारच्या जागेचीच गोडी लागली. घर झोपलेलं असतं. फ्रीजचा आवाज येतो तेवढाच. मी चहा करतो, एकच कप, आवाज न करता, चमचा कपाला लावत नाही. मग आकाशवाणी. इतकी वर्षे पन्नास माणसांच्या गर्दीत घंटी मारत उभा होतो, आता असं वाटतं की त्याचा जमाखर्च चाललाय.

तुम्हाला जे होतंय त्याला आजार म्हणू नका एवढंच.

---

माणदेशी
बुधवार, सकाळी ७.२०

रागावू नका ताई पण एक सांगतो. हंगाम संपला हे तुमच्या शाहूपुरीत बसून म्हणायला सोपं हाय. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या म्हसवडकडं पाचशेच्या आतबाहेर, तोबी आला तर. तुमचा दोडका गेला तवा आमचा शाळू गुडघ्याएवढा झालाय. खरा हंगाम आमचा आत्ताच. मेथी, हरभरा, कांदा, सगळं थंडीवरच येतं आणि तुम्ही पाणी असून वाफा मोकळा ठेवलाय हे वाचून पोटात कालवलं. पाणी असून पड ठेवणं आमच्या आईला सांगितलं तर ती म्हणंल बाईला झालंय काय.

समाधान बिमाधान ठीक हाय पण त्याला पेन्शन लागती.

---

वाईकर_सून
बुधवार, सकाळी १०.०५

@माणदेशी दादा तुमचं पटलं आणि नाही पण पटलं. पेन्शन लागते हे खरं. पण शांत बसायला नुसती पेन्शन पुरत नाही, घरात माणसं कमी लागतात. आमच्याकडे नऊ जण, त्यात दोन दीर, एक आत्या जी दिवसभर टीव्हीच्या आवाजापेक्षा मोठ्याने फोनवर बोलते. शाहूपुरीकर काकूंची ती पायरी मला भाड्याने मिळेल का, दुपारी दोन ते चार.

बाकी काकू तुमच्या मांडवावर लाल भोपळा होता का? आमच्याकडे यंदा अकरा निघाले. माळ्यावर ओळीने ठेवलेत, सासूबाई रोज एकदा शिडीवर चढून बघून येतात. देठ ठेवून कापायचा, चार बोटं तरी, देठ तुटला की तिथून सडतो. देठासकट असला की होळीपर्यंत ढिम्म हलत नाही. घारगे करून करून कंटाळलो, कुणाकडे दुसरं काही असेल तर सांगा.

---

चहाबाज
बुधवार, सकाळी १०.२२

अकरा भोपळे. यावर वेगळा धागा काढा.

---

शाहूपुरीकर
बुधवार, दुपारी २.५०

@माणदेशी, रागावले नाही. तुमचं वाचून आधी गप्प बसले, मग ह्यांना वाचून दाखवलं, हे म्हणाले बरोबरच बोलतोय तो. माझं माहेर खटाव तालुक्यातलं आहे, टँकरच्या मागे घागर घेऊन पळालेली आहे मी, त्यामुळे पाणी असून पड ठेवणं म्हणजे काय ते मला कळतं आणि कदाचित म्हणूनच बावीस वर्षं एक वीत जागा सोडली नाही. नळ आहे ना, मग पेर. आळस येतोय, पेर. पाहुणे येणारेत, त्याआधी पेर. आपण लहानपणी जे बघितलं त्याची भीती हातात राहते.

आणि आणखी एक सांगते, हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पाच साडेपाचच्या पुढे. घोसाळ्याचं पहाटे. भोपळ्याचंही सकाळीच. दुधीचं पांढरं फूल परत संध्याकाळी. आता तुम्हीच बघा, पहाटे घोसाळं आणि भोपळा, संध्याकाळी दोडका आणि दुधी, मधे माझा स्वयंपाक. पाऊसपाण्यात माश्या-भुंगे कमी आले की मी नर फूल खुडून मादी फुलाला लावत बसायची, मादी फुलाच्या मागे बोटभर कोवळं फळ असतं त्यावरून ओळखायचं. श्रावण ते आश्विन मी संध्याकाळची कुठेही गेले नाही. भिशीला नाही, हळदीकुंकवाला उशिरा, राजवाड्यावर ह्यांच्याबरोबर फिरायला तर नाहीच. हे एकटे जायचे, परत येताना भेळ आणायचे.

परवा संध्याकाळी साडेपाचला मी सवयीने मागच्या दारात गेले, तिथे काहीच नव्हतं उमलायला. मग चपला घातल्या आणि म्हटलं चला. हे इतके गोंधळले की घराची चावी विसरले.

@वाईकर_सून, पायरी फुकट आहे, आत्याबाईंना आणू नका. भोपळ्याचं थालीपीठ करा, किसून, पाणी न घालता मावेल तेवढं पीठ, ओवा जरा जास्त. नाहीतर भरीत, उकडून दह्यात, वर मेथीची फोडणी.

---

हरिपूरचा
बुधवार, रात्री १०.३०

सांगलीहून लिहितोय, हरिपूर, कृष्णा-वारणा संगमाच्या अलीकडं. धागा छान चाललाय म्हणून घुसतो.

आमच्याकडं हळद. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागण, नऊ महिने रानात, पौषात पाला पिवळा पडून आपोआप लोळतो आणि मग काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश, त्यात माणूस मरतोय. पण पाला लोळायला लागल्यापासून काढणी सुरू होईस्तोवर मधे पंधरा-वीस दिवस असे असतात की रानात करण्यासारखं काही नसतं. पाणी तोडलेलं असतं. वडील त्या दिवसांत रोज बांधावर जाऊन बसायचे. मी लहान असताना विचारलं होतं काय करताय, तर म्हणाले हळद बघतोय. हळद तर जमिनीत असते, दिसती कुठं. आता मी जाऊन बसतो तेव्हा कळतं.

हरिपूरला पूर्वी पेवं होती, हळद साठवायची. जमिनीत माणसापेक्षा खोल खड्डे, वर तोंड लहान, आत पोट मोठं, हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. इथली मातीच अशी की आत कीड नाही ओल नाही, वर्षानुवर्षं माल तसाच राहायचा. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच गेली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, तोंड उघडं ठेवून वाट बघायची, नाहीतर माणूस गुदमरतो, आत हवाच नसते. ताई तुम्हाला एवढंच सांगतो की पायरीवर बसा पण दार उघडं ठेवा. माझ्या आईनं वडील गेल्यावर अशीच शांतता धरली आणि ती शांतता नव्हती हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

---

गच्चीवरची_बाग
बुधवार, रात्री १०.५१

+१ हरिपूरचा. मला पण विचारायचं होतं पण धीर झाला नाही. काकू मांडव आधीपासून तुमचाच का?

---

शाहूपुरीकर
गुरुवार, पहाटे ५.४०

बघा, घोसाळं नाही तरी उठलेच.

मांडव सासूबाईंचा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. @हरिपूरचा, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, पण माझं तसं नाही असं मला वाटतं. सासूबाईंची आठवण येते ती कात्री सापडत नाही तेव्हा. रडू वगैरे येत नाही. त्या असत्या तर हा रिकामा वाफा बघून त्यांनी मला उभं चिरलं असतं, जमीन उघडी टाकायची नाही, बाई उघड्या डोक्याने देवळात जात नाही तशी. हे त्यांचं वाक्य. मला ते कधीच आवडलं नाही, पण जमिनीचं बरोबर असावं.

दार उघडंच आहे. संध्याकाळी फिरायला जातेच आहे आता. काल टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत गेलो, हे मध्ये दोनदा बसले आणि दोन्ही वेळा दृश्य बघायला बसलो असं सांगितलं. वरून सातारा बघितला, सगळ्या गच्च्यांवर निळ्या आणि काळ्या टाक्या. आमचं घर शोधत होतो, सापडलं नाही. मांडव असता तर हिरव्या चौकोनावरून सापडलं असतं असं हे म्हणाले.

आणि पेवातली हळद वर्षानुवर्षं खराब होत नाही म्हणता ना, मग झालं तर.

---

लिंब_लोण
गुरुवार, सकाळी ११.१५

सासूबाईंचं जमिनीबद्दलचं वाक्य शंभर टक्के बरोबर, देवळाचं सोडा. वाफा रिकामा ठेवा पण उघडा ठेवू नका. ऊन आणि वारा थेट लागला की वरची माती पत्र्यासारखी होते, आतला जीव मरतो. पेरायचं नसेल तर पाला पसरा, चांगला वीतभर. उतरवलेला वेल टाकलात का? भुरी असलेला पाला मात्र वाफ्यावर नको, तो लांब खड्ड्यात. आंबा, चिकू, जांभूळ, जो पाला शेजारी जाळतात तो मागून आणा, लोक आनंदाने देतात, वर तुमच्याकडे बघून हसतात. उन्हाळा लागला, पाणी असलं, की ताग टाका. फुलावर यायच्या आधी उपटून तिथंच गाडायचा, पावसाळ्याआधी कुजून जातो. काम काहीच नाही, टाकायचा आणि बघायचा. आत्ता थंडीत टाकू नका, नुसता बसून राहतो.

---

माणदेशी
गुरुवार, दुपारी १.३०

ताई, खटावच्या लेकी म्हटल्यावर आमचं निम्मं भांडण मिटलं. पोटात कालवलं म्हटलं ते मागं घेत नाही पण जरा हळू म्हणायला पाहिजे होतं.

आमची आई ऐंशीची हाय. शाळवाची पेरणी झाली, खुरपणी झाली की मधे तिला रानात कोण येऊ देत नाही, गुडघं गेल्यात. मग ती गोठ्याच्या भिंतीला उन्हात वाकळंला दोरं घालत बसती. जुन्या लुगड्याचं थर, वरनं पांढरा दोरा, एकसारखा टाका, चष्म्याशिवाय. एक वाकळ तीन वर्षं चाललीय. संपतच नाही. आम्हाला वाटायचं म्हातारीला दिसत नाही म्हणून हळू होतंय. परवा धाकट्या पोरानं बघितलं, ती संध्याकाळी निम्मं उसवती.

तुमचा धागा वाचताना ते आठवलं. तिला विचारलं नाही कुणी. विचारणार पण नाही.

---

वाईकर_सून
गुरुवार, दुपारी १.४४

😶 दादा हे वाचून पोळी करपली माझी.

---

निवृत्त_कंडक्टर
गुरुवार, दुपारी २.१०

वा. माणदेशी साहेब, आईंना नमस्कार सांगा. न विचारल्याबद्दल तुमचं कौतुक.

---

शाहूपुरीकर
शुक्रवार, दुपारी ३.३५

@लिंब_लोण, समोरच्या बंगल्यातल्या आंब्याचा पाला आणला. चार पोती. ते गृहस्थ खरंच हसले. पसरून टाकला. आता पायरीवरून बघितलं की तपकिरी चादर टाकल्यासारखं दिसतं, मांजर तिथे जाऊन झोपतं, आधी वाफ्यात कधी झोपलं नव्हतं, मी पाणी मारायचे ना सारखी.

आज एक गंमत झाली. तारेची गुंडाळी मोरीमागे टांगली होती ती हलवून माळ्यावर टाकायला गेले तर माळ्यावर सासूबाईंचा पत्र्याचा डबा सापडला. मी तो पाच-सहा वर्षं बघितला होता पण त्यात खिळे असतील असं समजून उघडला नव्हता. आत राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला, तो हात लावला की चुरा होत होता, आणि त्याखाली कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीवर त्यांचं अक्षर, शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या, अक्षर असं की प्रत्येक अक्षर वेगळं उभं. एकीवर, दोडका लांब गोड २०१८. एकीवर घोसाळी. आणि एकीवर, दोडका कडू पेरू नये २०१८.

कडू पेरू नये. मग ठेवलं कशाला? राखेत, कडुनिंबात, दोरा बांधून? ह्यांना विचारलं तर म्हणाले आईने आयुष्यात बी टाकलं नाही. म्हणजे पेरलं नाही पण टाकलंही नाही. मी पायरीवर अर्धा तास ती पुडी घेऊन बसले होते आणि मधेच हसायला येत होतं. ज्या बाईने मला कडू भाजी झाली म्हणून आठवडाभर बोलून दाखवलं तिने कडू दोडक्याचं बी जपून ठेवलं.

सहा-सात वर्षांचं बी उगवतं का हो?

---

लिंब_लोण
शुक्रवार, दुपारी ४.२०

नीट ठेवलं असेल तर काही उगवेल. थेट जमिनीत टाकू नका, आधी तपासा. प्रत्येक पुडीतल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं डब्यात, डबा ऊबदार जागी, फ्रीजच्या मागे किंवा गॅसच्या ओट्याशेजारी. दोडक्याला ऊब लागते, गार ठिकाणी ठेवलं तर चांगलं बीही हलणार नाही. रोज फडकं ओलं आहे का बघा, भिजून चिखल नको. आठ-दहा दिवस द्या. दहापैकी जेवढी फुटली त्यावरून जूनमध्ये किती दाट टाकायचं ते ठरवा.

कडू पुडी मात्र पेरू नका खरंच. कडू दोडका, कडू दुधी पोटात गेला तर उलट्या, रक्त पडण्यापर्यंत जातं, थोडा चाखून कडू लागला तर थुंकून टाकायचा, रस तर अजिबात प्यायचा नाही. आणि गोड वेलाशेजारी कडू वेल फुलला तर पुढच्या वर्षीचं बी बिघडतं. सासूबाईंनी लिहिलंय ते अनुभवाने लिहिलंय.

---

चहाबाज
शुक्रवार, दुपारी ४.३१

कडू पुडीचा निकाल लागल्याशिवाय हा धागा बंद करू नये अशी संपादकांना विनंती. मी भोपळ्यासाठी आलो होतो, आता दोडक्यात अडकलो.

---

हरिपूरचा
शनिवार, रात्री ८.१२

ताई, आज आईला तुमची ती पुडीची गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली कडू ठेवायचं असतं, चुकून गोडात मिसळू नये म्हणून, फेकलं की कुठंतरी उगवतं आणि मग कळत नाही कुठलं कुठलं. खरं खोटं ती जाणे. पण बऱ्याच दिवसांनी तिनं स्वतःहून काहीतरी सांगितलं. आमच्याकडं २०१९ ला पाणी घरात आलं होतं, आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलेलं, तेव्हा तिच्या बियांच्या बरण्या वाहून गेल्या, ते ती आज पहिल्यांदा बोलली. कुठल्या बरणीत काय होतं ते सगळं पाठ आहे तिला.

---

शाहूपुरीकर
शनिवार, रात्री ९.००

@हरिपूरचा, त्यांना म्हणावं यादी सांगा. माझ्याकडच्या घोसाळ्यांच्या बियांचं काय करायचं हा प्रश्नच आहे, ताटभर आहेत. सांगलीकडे कुणी जाणारं असेल तर पाठवते.

---

शाहूपुरीकर
पुढच्या रविवारी, दुपारी ३.२०

निकाल.

फ्रीजच्या मागे दोन डबे ठेवले होते, वर चिठ्ठ्या लावून. हे रोज उघडून बघायचे आणि मी ओरडायचे, ऊब जाते.

गोड पुडी, दहापैकी शून्य. काही बिया फुगल्या आणि मऊ पडल्या, बस.

कडू पुडी, दहापैकी तीन. चांगले पांढरे मोड, एकाला तर टोपी घातल्यासारखं टरफल चिकटलेलं.

@लिंब_लोण, ओरडू नका. कळतंय मला. थंडीत दोडका वाढत नाही हेही कळतंय आणि कडू आहे हेही. तिन्ही फुटक्या कपांत लावलेत, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे दुपारचं ऊन येतं. जूनच्या आत उपटून टाकीन, गोडाच्या आसपास जाऊ देणार नाही, शप्पथ. एकही दोडका धरू देणार नाही, मादी फूल दिसलं की खुडून टाकीन. फक्त खिडकीच्या गजाला चढला आणि फाल्गुनात कधी फुललाच, तर संध्याकाळी साडेपाचला बघायचं एवढंच.

वाफा रिकामाच आहे. मांजर झोपलंय.

---

चहाबाज
रविवार, दुपारी ३.२९

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली नव्हती ना?

---

शाहूपुरीकर
रविवार, दुपारी ३.४०

ह्यांना विचारलं. उत्तर न देता भेळ आणायला गेलेत.